दातावरची रेघ

पुंता अरेनासला वारा एवढा,
की कोपरा आला की माणसं खांदा पुढे करतात.
एलिसेओ बार्रिया आतही तसाच आला.
दाराकडे तोंड करून बसता येईल का, म्हणाला.
माझी खुर्ची खिडकीकडे बघते. फिरवली.

वय चौपन्न. खेकड्यांच्या बोटीवर तीस वर्षं.
रक्तदाब, साखर, एक स्टेंट. झोप तीन तास.
दाढा झिजून सपाट, किनाऱ्यावरच्या गोट्यांसारख्या.
"रात्री काय चावता?"
"बायको म्हणायची, खडी. गेली ती."

वरच्या पुढच्या दोन दातांवर आडवी रेघ,
नखाला लागेल एवढीच.
जबड्यात दात घडत असतो तेव्हा
शरीराला दुसरं निकडीचं काम निघालं
तर तो तिथेच थांबतो.
मग पुन्हा सुरू होतो. रेघ राहते.
हिरडीपासून मोजलं : तीन वर्षांचा. फार तर साडेतीन.

मी बोलणार नव्हते. त्यानेच आरशात बोट ठेवलं.
"लहानपणी ताप आला असेल," मी म्हटलं.
असं म्हणायची आमच्यात रीत आहे.

"ताप नाही."
मग तो फाटकाबद्दल बोलू लागला.
कडी हळू वाजली तर बाप नुसता दमलेला.
आपटली तर पलंगाखाली.
आई दाताच्या कण्या करायची
आणि हा खाली बूट मोजायचा. एक.
"दुसरा कधी कधी पडायचाच नाही, डॉक्टर."

बाप मेला त्याला एकतीस वर्षं झाली.
फाटक भंगारात गेलं.
पण वाऱ्याने कुठे काही हललं,
आणि इथे वारा सगळंच हलवतो,
की ते काळीज, चौपन्न वर्षांचं, स्टेंट घातलेलं,
अजून पलंगाखाली शिरायला धावतं.

"किती म्हणालात? तीन?"
तो बराच वेळ आरशात बघत राहिला.
"बहीण सांगते, गोदी बंद पडली तेव्हापासून
बाबा तसे झाले. मी सात वर्षांचा होतो तेव्हा."

रेघ बुजवून देते, म्हटलं.
नको म्हणाला.

रात्री घालायच्या पट्टीसाठी दातांचा ठसा घेतला.
दोनेक वर्षं टिकते ती, मग नवी करायची.
प्लास्टर ओतून, वाळत ठेवून परत आले
तर तो खुर्चीतच झोपला होता,
जबडा सैल, तोंड दाराकडे.

बाहेर आले.
दार लावलं,
कडी बोटाने धरून,
वाजू न देता.