एकशे सत्तावीस दात

अश्विनभाई पांचाळ गेल्यावर
हंसाबेनने त्यांचा लेथ मला विकला.
म्हणाली, या गल्लीत त्याच्याशी बोलणारं
दुसरं आहे कोण?

मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशिअर.
रिटायर झाल्यावर दुपारी त्यांच्या ओसरीत जायची,
पुतण्याचा जुना शर्ट घालून, हात काळे करायला.
दांडिया बाजाराच्या मागे हे लपत नाही.

लेथ जुना, इंची.
लीडस्क्रूचा एक फेरा म्हणजे बरोबर एक सूत,
त्याहून वेगळं त्याला कुणी शिकवलेलं नाही.
आणि चांपानेर दरवाज्यात नट आता सगळे मिलिमीटरचे:
बाराचा नट, पावणेदोनचा आटा.

झोपाळ्याची एक कडी
दिवाळीपासून नायलॉनच्या दोरीवर आहे.
कुमुदवन्सं रोज तशाच तिरप्या बसतात
आणि काही म्हणत नाहीत.
म्हणाल्या असत्या तर बरं.

मग मी कागद घेतला.
पावणेदोन वर, सूत खाली,
चाळिसाने गुणून दशांश घालवले:
वर सत्तर, खाली एकशे सत्तावीस.
एकशे सत्तावीसला कशानेच भाग जात नाही.
पुन्हा करून पाहिलं.
नाही जात.

गिअरच्या डब्यात सत्तर होता,
वीस होता, पस्तीस, त्रेसष्ट,
एक बिनआकड्याचा, त्याचे तीन दात पडलेले.
भिंतीवर अश्विनभाईंचं खडूचं कोष्टक, गुजराती आकड्यांत,
शेवटच्या ओळीपुढे नुसतं लिहिलेलं: मोटुं चक्कर.
ते काही डब्यात नव्हतं.

ते असते तर म्हणाले असते,
पस्तीस-त्रेसष्ट लगाडी दो, बेन, कोण जोवानुं छे?
लावले.
आटे दिसायला देखणे पडले.
नट चार फेरे गेला आणि बसला.
फरक एका आट्याला केसापेक्षाही बारीक,
पण कॅशिअरला विचारा,
रुपयाचा फरक संध्याकाळी किती वाजेपर्यंत घरी जाऊ देत नाही.

हंसाबेनकडे पाणी प्यायला गेले.
तिने माठ तिरपा केला
आणि माठाखाली ते होतं,
ताटलीएवढं, ओलं, गंजलेलं.
"हे? हे तर माठाचं," ती म्हणाली.
मी दात मोजायला लागले तशी ती हसायला लागली.
साठाशी चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

बदल्यात स्टीलची कडी आणून दिली, माठ बसवून दिला.
घरी रॉकेल,
आणि दातांना दात घासायचाच ब्रश.

चाकांमध्ये वर्तमानपत्राची चिठी सरकवून अंतर ठेवलं.
मध्ये त्रेपन्नाचा गिअर घातला, हाताला आला म्हणून.
मधल्याचे दात कितीही असोत, हिशोबात येत नाहीत,
तो काढून पाहा मात्र.

अर्ध्या इंचाची सळई बारावर उतरवली.
पहिला फेरा नुसता ओरखडा,
पिच-गेज लावला, उजेडाची फट दिसली नाही.
आता एकच नियम, अश्विनभाईंचा, बोट वर करून सांगितलेला:
हाफ नट उघडायचा नाही.
इंचीत चालतं, उघडा, परत या, आकड्यावर धरा.
इथे जागा पुन्हा सापडत नाही.
टूल मागे घ्यायचं, मोटार उलटी फिरवायची
आणि जिथून गेलो तिथूनच, पूर्ण वाट,
रिकाम्या हाताने परत यायचं.

तेरा वेळा गेले, तेरा वेळा आले.
तेलाचा धूर, पोळीचा तवा करपल्यासारखा.
नट बोटाने फिरवला,
शेवटपर्यंत गेला,
आणि सैलही नव्हता.

कडी बसली. कुमुदवन्सं सरळ बसल्या,
पायाने एक ढकल दिली, छताकडे पाहिलं.
"किती खर्च आला?"
"एकशे सत्तावीस," मी म्हणाले.
त्यांनी पदराची गाठ सोडली,
एक नोट आणि चिल्लर मांडीवर मोजून माझ्यापुढे ठेवली.

मीही मोजून घेतली.