दोन मिनिटं जास्त

हर्णैच्या बर्फ कारखान्यात रात्री दोनला
नझीर होडेकर पाकीट फोडतो
आणि कॉम्प्रेसरपाशी डुलक्या घेणारे सगळे
त्या वासाकडे वळतात.
मीही वळायचो. नुसत्या नाकाने.

दापोलीच्या डॉक्टरनं लिहून दिलंय : गहू बंद.
मैदा, रवा, पाव, सगळंच. जन्मभर.
"आपण भातखाऊ माणसं," आई म्हणाली,
"तुझं काय अडलं?"
तिला कसं सांगू,
भात उभ्याने, टोपातून,
फुंकर मारत, दुसऱ्याच्या काट्याने
हिसकून खाता येत नाही.

आज कुरिअरनं आल्या. तांदळाच्या.
पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं
पोथी वाचावी तशी वाचली, बोट ठेवून.
मसाल्याच्या पुडीत निघालाच गहू!
पुडी नझीरला दिली.

त्यानं टोप दोनदा घासला होता,
मी काही बोलायच्या आत.
काटाही वेगळा, कागदात गुंडाळलेला.

मग मूठभर सुकट, घरचा लाल मसाला,
आगळाचे चार थेंब.
दोनाची चार मिनिटं लागली.
तुटल्या. टोपाला बसल्या.
नझीरनं वाकून बघितलं :
"अरे, हे तर शिरवाळे! नारळाचा रस कुठाय?"

"गप रे. नूडल्स आहेत."

आणि सुर्र करून ओढल्या अशा,
की हनुवटीवरनं रस्सा
थेट बर्फाच्या लादीवर.
लाल ठिपका.
पहाटे ती लादी
कुणाच्या तरी होडीत गेली.