नमुना सात, नमुना अकरा

पानं आधी दोन दिवस अंधारात ठेवायची.
कपाटात, ओल्या फडक्यात, शमीमच्या डब्याशेजारी.
साठवलेलं सगळं पिठूळ ती तिथं खाऊन टाकतात,
मगच आतलं हिरवं निखळ हाती लागतं.

फणसाचा चीक मात्र कुणाचंच ऐकत नाही.
घरी आई विळीला नि स्वतःला कोपरापर्यंत खोबरेल लावायची.
इथे कलिन्याला, तळमजल्यावर, तेल चालत नाही.
हातमोजे चिकटतात, नळी तुंबते,
द्रावणातून शेंबडासारखी तार निघते
आणि नाचणकर सर म्हणतात, पुन्हा.

चार भावंडं आहेत माझ्याकडे.
आरेतला कापा फणस, खोडभर लेकुरवाळा.
डोंगरातला रानफणस, तीन शिक्क्यांच्या परवानगीनं आणलेला.
भायखळ्याच्या बागेतला ओटंब, पाटी गंजून नाव अर्धं उरलेला.
आणि नीरफणस, ज्याला बीच नाही.

प्रत्येकाच्या पानात ते वाटोळं पुस्तक,
कुठूनही उघडा, पहिलं पान नाहीच.
एक लाख साठ हजारांच्या आसपास मजकूर, मुळाक्षरं चारच.
त्यातला एक उतारा दोनदा येतो,
एकदा सुलट, एकदा उलट,
आरशासमोर भांग पाडणाऱ्या बाईसारखा.

हे हिरवं मूळचं झाडाचं नव्हे.
कधीकाळी आत शिरलेला पोटभाडेकरू तो.
उजेड शिजवून भाडं भरत राहिला.
त्याचे बहुतेक कागद हळूहळू मालकाच्या कपाटात गेले,
शंभरेक त्यानं उशाखाली ठेवले.
आता तो खोली सोडत नाही
आणि त्याला काढलं तर मालकच उपाशी.
पागडीच्या खोलीत वाढले मी,
एवढं मला सरांनी समजवावं लागलं नाही.

आणि हे पुस्तक उतरतं आईकडून.
बहुधा, असं लिही, सर म्हणतात. लिहिलं.

तीन महिने ओळीखाली ओळ लावत बसले.
फणसात जी, रानफणसात टी.
कुठे दोन शब्द गळालेले.
कुठे एकच अक्षर तोतऱ्यासारखं, इकडे नऊदा, तिकडे अकरादा.
ओटंब सगळ्यांत लांब,
कार्याला न आलेल्या चुलत्यासारखा.

मग नमुना सात: हिल्डा मुर्झेलो, गोराई, विहिरीमागे.
नमुना अकरा: ऑलिव्ह ग्रेशस, मनोरी, कुंपणालगत.
फरक शून्य.
अख्ख्या पुस्तकात एक अक्षर नाही.
शमीम म्हणाली, पिशव्या बदलल्यास तू.
पुन्हा पानं, पुन्हा अंधार, पुन्हा तो चीक.
शून्य.

होडीनं गेले सांगायला.
हिल्डाबाई दारात बोंबील निवडत होत्या.
नणंदेशी कुंपणाचा दावा, एकोणीस वर्षं,
चर्चमध्येही दोघींचे बाक वेगळे.
मी म्हटलं, तुमचं झाड नि त्यांचं झाड एकच आहे,
अगदी अक्षरशः.

त्यांनी मान वर केली नाही.
"मीच दिला होता ना तिला कोंब.
मुळावरनं खणून, डालडाच्या डब्यात.
तिचा पहिला पोर गेला तेव्हा."
एक बोंबील बाजूला टाकला.
"मला विचारायचं होतंस. किती पैसे लागले तुला?"

आकडा सांगितला नाही मी.
बीच नाही ज्याला, त्याची आई कोण,
हेही वहीत लिहून नेलं होतं.
तेही राहिलं.

रवा लावून तळलेल्या कापा, बशीत सहा.
चार मी खाल्ल्या.
दोन त्यांनी कागदात बांधल्या.
"मनोरीवरनं जाशील ना?
माझं नाव घेऊ नको."

बस फाट्यावर थांबली
तेव्हा कागदाला तेल सुटलं होतं
आणि पुडी अजून कोमट होती.