मांगलियाच्या पुढे

नोकरी सुटल्यापासून माझी गाडी
रामबागेतून सियागंज, सियागंजातून रामबाग
एवढीच उरली.
छटाकभर हिंग, बँकेत हयातीचा दाखला,
कुंदाचे दात.
इंजिन तापायच्या आत हँडब्रेक.

घेतली तेव्हा हिशोब पक्का होता.
रोजचं पिथमपूर, जाऊन-येऊन बासष्ट,
लिटरमागे सतरा.
पेट्रोलवालीपेक्षा जास्त मोजलेले दीड लाख
चार वर्षं दोन महिन्यांत फिटणार होते.
वहीत तसं आहे, लाल शाईत, खाली दोन रेघा.
तिसऱ्या वर्षी कारखान्याने नारळ दिला.
आता लिटरमागे नऊ.

त्यात हे युरियाचं पाणी.
पहिला दहा लिटरचा कॅन जिन्यातून वर नेताना
खालचे मुजुमदार म्हणाले, शेत घेतलंत की काय?
म्हटलं, शेत नाही, धूर धुवायचाय.
ते हसले. मीही हसलो.
पण पडद्यावर आकडा उतरत असतो :
आठशे किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही.
सातशे ऐंशी.
इतक्या स्वच्छ शब्दांत
मला अजून डॉक्टरनेही सांगितलेलं नाही.

मंगळवारी पिवळा दिवा लागला.
मुख्तियारने लॅपटॉप जोडला,
ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली.
"तेल में डिझल उतर रिया हे, बाबूजी.
घर में बैठे-बैठे घुट री हे. दौडाओ इसको."
मग हवेत बोटाने मधाचं पोळं काढलं :
सिरॅमिकचं, बारीक घरांचं.
काजळी त्यात साठते,
आणि सहाशे डिग्रीला जळते,
तीही लांबच्या रस्त्यावर, न थांबता.
नाही जळली तर फिल्टर नवा.
त्याने किंमत सांगितली. मी वही उघडलीच नाही.

माझी पहिली डिझेल, पंच्याण्णवची,
काही साठवत नसे.
गल्लीच्या वळणावर काळा फुगा सोडायची
आणि आरशात मी कधी पाहिलं नाही.
मागे शाळेची रिक्षा असायची,
कुंदा सांगते.

रविवारी तिला म्हटलं, चल.
कुठे?
कुठेच नाही. काजळी जाळायची आहे.
तरी तिने साडी बदलली.

देवास नाक्यापर्यंत सिग्नलच सिग्नल.
मांगलियाच्या पुढे मोकळं झालं.
ऐंशी. काटा दोन हजारांवर.
सोयाबीन काढून झालेली काळी रानं.
पेरूवाला दिसला. "थांब ना."
"आत्ता नाही, जळतंय."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
बावीस वर्षं सहा-दहाला तुझा डबा भरला.
भाजी कशी होती, एकदा बोलला नाहीस.
चांगली असायची.
कुठली?
समोर उसाची ट्रॉली होती. मी मागेच राहिलो.
दुधीची, म्हटलं. दाण्याचं कूट घातलेली.
"दुधी मी डब्यात कधीच दिला नाही.
कँटीनमध्ये खाल्ला असशील."
आणि ती हसायला लागली,
नव्या दातांवर हात ठेवून,
थांबेचना.

शिप्रेच्या पुलाअलीकडे दिवा विझला.
काचेतून जरासा जळका वास आला, गेला.
मी बोललो नाही.
ऐंशी तशीच ठेवली.

देवासला टेकडीखाली पेरू मिळाले,
मीठ-तिखट लावलेले. तिला चावेनात.
मधला गर तिने खाल्ला, कडा मी.

रात्री वही.
किलोमीटर अठ्ठ्याहत्तर. डिझेल चारशे बावीस.
टोल. पेरू चाळीस.
'कारण'च्या रकान्यात पेन बराच वेळ टेकवून
शेवटी लिहिलं : फिल्टर.

कुंदाने खांद्यावरून वाचलं.
पुढच्या वेळी, म्हणाली,
उज्जैनपर्यंत जाळू या.