जतच्या टोकाला लूप

यंत्र म्हणालं, अठरा किलोमीटर तीनशे बेचाळीस मीटर.
काच तिथं तुटली आहे.
कवठेमहांकाळच्या खोलीत बसून मी तो आकडा
दस्तगीर मुजावरला फोनवर वाचून दाखवला.
त्यानं गाडीचं मीटर शून्यावर आणलं, निघाला,
नागज मागं टाकलं,
अठरा तीनशे बेचाळीसला दोन माणसं लावून खणलं.
केबल निवांत होती,
कालच पुरल्यासारखी.

"मॅडम, रस्त्याचा किलोमीटर येगळा, काचेचा येगळा.
दर चेंबरात वेटोळं ठिवलंय मीच,
पुढं कधी जोडायला लागंल म्हणून.
ती सगळी वेटोळी उजेड फिरून येतो.
आपण सरळ गाडीनं आलो."

चारशे मीटर मागं,
पाण्याच्या पाइपासाठी काढलेला चर.
जेसीबीच्या दातानं उपसून ठेवलेली
चोवीस रंगीत केसांची बट.
पाणी येणार होतं, म्हणून गावात कुणी ड्रायव्हरला बोललं नव्हतं.
दस्तगीरही बोलला नाही.

ताडपत्रीखाली त्यानं एकेक केस सोलला,
स्पिरिटनं पुसला, टोक कापलं,
दोन टोकं समोरासमोर, एक बारीक ठिणगी.
निळा. नारिंगी. हिरवा. तपकिरी.
मी इकडून उजेड सोडायची आणि सांगायची:
पॉइंट शून्य दोन, चालेल.
पॉइंट शून्य तीन, चालेल.
पॉइंट एकवीस. तोडा.
तो तोडायचा. हुज्जत नाही.

मग जतला जाऊन त्यानं लूप लावला,
जाणाऱ्या धाग्याचं टोक येणाऱ्या धाग्यात.

आता माझं काम. चोवीस तास.
मी पाठवते त्यात काहीच नसतं,
ना कुणाचा निरोप, ना पैसे, ना फोटो.
नुसते एक आणि शून्य, वेडेवाकडे, सेकंदाला हजार कोटी,
पण कुणामागं कोण, हे यंत्राला तोंडपाठ.
ते जतपर्यंत जातात, दस्तगीरच्या वळणावरून फिरतात, परत येतात,
पापणी लवेपर्यंत तीनशे फेऱ्या,
आणि यंत्र एकेक ताडून बघतं.
निरोपातली चूक माणूस समजून घेतो.
इथं समजून घेणारं कुणी नको,
म्हणून आधी ही अर्थ नसलेली बडबड.

उजेड डोळ्याला दिसत नाही.
पिवळ्या कॉर्डच्या तोंडाशी डोळा नेला तर काळंच दिसतं, आणि डोळा जातो.
काळं दिसलं तरी बंद आहे असं धरायचं नाही,
पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

एकोणिसावा तास. चुका: ०.
पहाटेचे सव्वातीन, एसीची घरघर.
थर्मासचं झाकण खाली पडलं, मी वाकले,
कोपर कॉर्डला लागलं.
चुका: १.

सहाशे लाख कोटींवर गेले असतील तोपर्यंत.
त्यात एक.
मानकात बसते अशी चूक. करारात मात्र शून्य लिहिलंय.
खोलीत कॅमेरा नाही.
अहवालात 'बाह्य कारण' लिहायला एक रकाना आहे,
मी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं.

दस्तगीर जतच्या शेल्टरमध्ये पोत्यावर झोपलेला.
सकाळी त्याला मालगावला जायचं होतं, भाचीचा साखरपुडा.
"लाईन गेली काय?"
"लाईन चांगली आहे. कोपर माझं."
तो काही बोलला नाही.
बाटलीचं टोपण फिरवल्याचा आवाज. एक घोट. दुसरा.
"लूप हाय तितंच हाय, ऐनापुरे मॅडम.
किल्ली वॉचमनकडं ठिवतो.
लावा शून्यापासनं."

लावलं.
थर्मास दाराबाहेर ठेवला,
खुर्ची दोन फूट मागं घेतली
आणि हात मांडीखाली दाबून बसले.