हिरवी तार

आईनं वीस वर्षं पाटावर स्वयंपाक केला.
बसून नाही, उभं राहून.
मानेवाड्याच्या दोन खोल्यांत
ती जुनी कॉइलची शेगडी चावायची तिला,
ओल्या हातानं झारा टेकला की थेट कोपरापर्यंत.
"करंट नाही बाप्पा, झिणझिण्या हायेत," म्हणायची
आणि पायानंच पाट ओढून घ्यायची
चप्पल ओढावी तसा.

मग डबे वाढले. अठरा झाले.
भिशीच्या पैशातून तिनं नवी शेगडी आणली,
दोन प्लेटा, खाली ओव्हन, तीन हजार वॅट,
आणि मला फोन केला:
"आयटीआय कायले केलं मंग तू?"

शनिवारी गेले. मे महिना.
कूलर बंद ठेवावा लागेल म्हटल्यावर
पहिलं भांडण झालं.
मेन पाडला. फ्यूज काढून खिशात घातला,
कारण माझा भाऊ हेमराज
घाम आला की दिसेल ते बटण दाबतो.

डोंगरवार सर सांगायचे,
आधी टेस्टर तपासा, मग तार.
बिघडलेला टेस्टर आणि नसलेली वीज
बाहेरून सारखीच दिसतात.
म्हणून शेजारी कावरेकाकूंच्या बोर्डात लावून पाहिला.
पेटला. परत आले. आमच्याकडे नाही पेटला.
आता खरं.

सॉकेट उघडलं.
समोरून तीन भोकं,
मागे दोनच तारा.
तिसऱ्यामागे कोळ्याचं रिकामं जाळं.
आणि आम्ही इतकी वर्षं
तीन पायांचे प्लग त्यात घालत होतो, विश्वासानं.

पंचबुद्धेंच्या दुकानातून तार आणली, चार एमएम,
लाल, काळी, हिरवी.
सोळा अँपिअरचं सॉकेट, शेगडीपुरता वेगळा एमसीबी.
आईनं बिल वाचलं.
"हिरवी राहू दे. चालते ना दोनवर?"
चालते, आई. दोनवरच चालते.
तिसरी चालवायला नसतेच.
ती वर्षानुवर्षं भिंतीत नुसती असते,
आणि काही बिघडलं
की सगळं आपल्या अंगावर घेते.
हे बोलताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मागे अर्थिंगचा खड्डा होता,
बाबांनी मीठ-कोळसा भरून केलेला,
त्याची तार मीटरपर्यंत येऊन तिथंच लोंबकळत राहिलेली.
फ्यूज बसवला, "नळाले कोणी हात लावू नका" ओरडले,
फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब धरला.
पिवळा. आजारी.
खड्ड्यावरच्या काळ्या मातीत
बोट जाईल एवढ्या भेगा.
तीन बादल्या ओतल्या.
मातीनं घोट घेतल्याचा आवाज केला.
अर्ध्या तासानं पुन्हा धरला,
तर डोळे दिपले.
हेमराज म्हणाला, "जमिनीलेबी तहान लागते का?"
मेमध्ये, नागपुरात, हे विचारतो.

सगळं बंद करून तारा जोडल्या.
प्रत्येक स्क्रू आवळून तार ओढून पाहिली.
मग मेनजवळच्या नव्या ब्रेकरचं टेस्ट बटण.
ठक्. पडला. उचलला. ठक्.
आईला तो आवाज आवडला,
तिनं आणखी एकदा दाबून घेतलं.

पातेल्यात आधी नुसतं पाणी.
दहा मिनिटं मी प्लगला हात लावत राहिले,
लेकराचा ताप पाहतात तसा.
थंड.
शेगडीच्या अंगाला टेस्टर लावला, काही नाही.
मग पालथा हात, माझा.
मग आई आली. मी न सांगता
तिनं पदराला हात पुसले, कोरडे केले,
आणि ठेवला तळवा त्या स्टीलवर,
डोळे मिटून, झटक्याची वाट पाहत.
"काहीच नाही व," म्हणाली,
जराशी नाराजच.

संध्याकाळी गोळाभात केला तिनं.
पाटावर उभं राहूनच.
"अगं, अर्थिंग झालंय आता."
"झालं ना. पण हात कसा पुरंल मले?"
माझी आई इतकी बुटकी आहे
हे मला त्या दिवशी कळलं.

आता रविवारी तिचा फोन येतो.
ऊन नाही, गुडघे नाहीत, हेमराजचं लग्न नाही.
"खड्ड्यात टाकलं पाणी," सांगते
आणि ठेवते.