तांब्याला चुंबक धरत नाही

लहानपणी ऋजुता दुकानातल्या सगळ्या भांड्यांना
चुंबक लावून बघायची.
पळीला, बंबाला, घंगाळाच्या कड्यांना.
एकही धरेना, तेव्हा रुसली.
मग मी तांब्याची नळी उभी धरली,
म्हटलं, सोड आत.
तो पडेचना.
उतरला सावकाश,
म्हातारं माणूस कपालेश्वराच्या पायऱ्या उतरतं तसा.
धरत नाही काका, ती म्हणाली, पण सोडतही नाही.

परवा आली ती शुक्राचा आवाज घेऊन.
एवढ्याशा डबीत.

माझा डावा कान चौदाव्या वर्षीच मठाराला वाहिला.
उजव्यात उरलंय ते गिऱ्हाइकाच्या घासाघिशीपुरतं.
बारीक आवाज तांबट आळीच्या तोंडाशीच थांबतात.

ती सांगत होती, मोठ्याने, ओठ दाखवून:
पृथ्वीच्या पोटात चुंबक आहे, शुक्राच्या नाही.
सूर्याचा वारा थेट येतो त्याच्यावर,
सेकंदाला चारशे किलोमीटर.
पण उन्हाने वरची हवा फुटून तिच्यात वीज खेळत असते.
वारा भिडला की प्रवाह उठतो, तोच आडवा येतो.
सूर्याकडचे चुंबकाचे धागे
घाटावरच्या दगडावर ओलं लुगडं टाकावं
तसे ग्रहावर पडतात, मागे लोंबत राहतात.
आणि अंगाला लागायच्या आधीच, पुढ्यात,
वारा फुगतो, फुटतो, थरथरतो.

गंगेला पूर आला की दुतोंड्या मारुतीपुढे
पाणी चढतं तसं? मी विचारलं.
तसंच.
मग ती तुझी नळीच की.
ती गप्प झाली. वही काढली. लिहून घेतलं.

डबी तिने उपड्या घंगाळाखाली सरकवली,
आवाज जाड केला माझ्यासाठी,
आणि माझा तळहात बुडावर ठेवला.

आधी नुसती मुंग्यांची रांग.
मग शिट्टी, वरून खाली घसरत गेलेली.
मग गर्दी, जशी पूर्वी सकाळी नऊला आळीत असायची,
साठ हातोडे, साठ तऱ्हा,
आणि त्यातून आपल्या बापाचा ठोका ओळखू यायचा.
पत्र्यातून ते मनगटात चढलं, कोपरात चढलं.

इथे एक ठोका चुकला, मी म्हटलं.
तिने मागे नेऊन पाहिलं.
यान तिथे सीमा ओलांडत होतं, काका.
वाऱ्यातून आत, ग्रहाच्या बाजूला.

ढाल टिकते का पण?
गळते, ती म्हणाली. पाणी होतं म्हणतात तिथे.
वाऱ्याने नेलं, चिमूट चिमूट, अजून नेतोय.
कल्हई उडालेलं भांडं, म्हणजे.
यावर ती हसली नाही.

संध्याकाळी अंजनेरीच्या अंगाला तो लागला होता,
ठळक, कुणाचंच काही न ऐकणारा.
घंगाळ गिऱ्हाइकाचं होतं, गंगापूर रोडच्या हॉटेलवाल्याचं;
त्यात फुलं तरंगत ठेवणार आहे म्हणे.
दिलं बांधून.
आत काय वाजून गेलं ते सांगितलं नाही.
वजनात धरता आलं नसतं.